दार कुणाचे ठोठवावे? राज्यघटनेतील अधिकारवाटप पुण्यात वापरण्याची रीत

मुळेवरचा हॅरिस पूल ओलांडून दापोडीतून बोपोडीत आले की पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची हद्द संपते आणि पुणे महानगरपालिकेची सुरू होते. तसेच पुढे खडकीकडे गेले की कॅन्टोन्मेंट बोर्डाचा भाग लागतो आणि त्यावर देखरेख असते ती थेट दिल्लीतील संरक्षण मंत्रालयाची. डोक्यावरून धावणारी मेट्रो केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतील कंपनीची आहे, शेजारचा लोहमार्ग सर्वस्वी केंद्राचा आहे आणि चौकात शिट्टी फुंकणारा वाहतूक पोलीस राज्य सरकारचा आहे. पायी अर्ध्या तासात पार होणाऱ्या या पट्ट्यात शासनाचे तीनही थर एकमेकांना खेटून उभे आहेत. काही वर्षांपूर्वी याच भागातील बंद पथदिव्यांबद्दल मी एका कार्यालयाला पत्र लिहिले होते. दीड महिन्याने ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ एवढाच शेरा घेऊन ते परत आले. शेरा अपुरा असला तरी खोटा नव्हता. दिव्याचा खांब कुणाच्या हद्दीत आहे हे मी पाहिलेच नव्हते.

हक्क मागताना आपण बहुधा इथेच अडखळतो. मूलभूत हक्क सांगणारा घटनेचा तिसरा भाग अनेकांना शाळेपासून तोंडपाठ असतो. परंतु त्या हक्काला उत्तर देण्याचे कर्तव्य कोणाकडे आहे, हे केंद्र-राज्य विषयवाटपाच्या ज्या सातव्या अनुसूचीत आणि काही रूक्ष कायद्यांत दडलेले असते, तिकडे कोणी वळत नाही. हक्क आणि अधिकारवाटप ही घटनेची दोन प्रकरणे एकत्र वाचून अर्ज, अपील आणि प्रसंगी याचिका कोणत्या दारात न्यावी, हे ठरवण्याची रीत पुढे दिली आहे. उदाहरणे पुण्याची आहेत, पण रीत महाराष्ट्रात कुठेही चालेल.

कायदा कुणाचा, अंमल कुणाचा, पैसा कुणाचा

कोणताही प्रश्न हाती आला की हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत आणि त्यांची उत्तरे कागदावर वेगवेगळी लिहावीत. ती अनेकदा तीन निरनिराळ्या ठिकाणी जातात आणि आपला गोंधळ उडतो तो ती एकच आहेत असे गृहीत धरल्यामुळे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुच्छेद २४६ आणि सातवी अनुसूची यांत आहे. मूळ घटनेत संघ सूचीत (केंद्राचे विषय) ९७, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत (दोघांचे सामाईक विषय) ४७ नोंदी होत्या. पुढे काही वगळल्या गेल्या आणि काही पोटक्रमांक देऊन घातल्या गेल्या, म्हणून जुने पुस्तक वापरू नये. संरक्षण, लोहमार्ग, टपाल, बँका आणि विमानतळ संघ सूचीत आहेत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, जमीन, पाणी आणि स्थानिक स्वराज्य राज्य सूचीत आहेत. शिक्षण, वने, वीज, फौजदारी कायदा आणि विवाह समवर्ती सूचीत आहेत. यांपैकी शिक्षण आणि वने मूळची राज्य सूचीतील असून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती सूचीत आली. कोणत्याच सूचीत नसलेला विषय अनुच्छेद २४८ प्रमाणे संसदेकडे जातो.

नोंद वाचताना ‘च्या अधीन राहून’ हे शब्द आधी शोधावेत. राज्य सूचीतील रस्त्यांची नोंद १३ एकटी वाचली तर सगळे रस्ते राज्याचे वाटतात, परंतु संघ सूचीतील नोंद २३ राष्ट्रीय महामार्ग तिच्यातून बाहेर काढते. कात्रज ते देहूरोड बाह्यवळण मार्गावरील खड्ड्याची तक्रार महापालिकेकडे गेली तर ती तशीच परत येते याचे कारण हेच. चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी पाडला गेला तेव्हा ते काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे होते, हे पुणेकरांना आठवत असेल. कॅन्टोन्मेंटचेही तसेच आहे. स्थानिक स्वराज्य हा राज्याचा विषय असला तरी कटकक्षेत्रातील, म्हणजे कॅन्टोन्मेंटमधील, स्थानिक स्वराज्य संघ सूचीतील नोंद ३ मध्ये स्वतंत्रपणे केंद्राला दिलेले आहे आणि त्यासाठी संसदेचा २००६ चा कायदा आहे. कॅन्टोन्मेंटचे नागरी भाग शेजारच्या महापालिकांत विलीन करण्याचा विषय बरीच वर्षे गाजतो आहे, पण अर्जदाराने चर्चेवर विसंबू नये. अधिसूचना निघून ती अमलात येईपर्यंत पत्ता जुनाच समजावा.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. सूची कायदे करण्याची सत्ता वाटते. अंमलबजावणीची सत्ता अनुच्छेद ७३ आणि १६२ मध्ये आहे. समवर्ती विषयावर संसदेने कायदा केला तरी, घटनेत किंवा त्या कायद्यात स्पष्टपणे वेगळे म्हटलेले नसेल तर, त्याची अंमलबजावणी राज्याकडेच राहते, असे अनुच्छेद ७३ चे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अपवादाची तरतूद, सांगते. म्हणून ‘हा केंद्राचा कायदा आहे, दिल्लीला लिहा’ असे खिडकीवरून ऐकू आले तर हे परंतुक नम्रपणे दाखवावे. शिवाय संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशा रीतीने राज्याने आपली सत्ता वापरावी, असे बंधन अनुच्छेद २५६ ने घातलेले आहे.

महापालिकेबाबत आणखी एक पायरी उतरावी लागते. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांसाठी १८ विषय आले. ते विषय आपोआप महापालिकेचे झाले, असा समज सर्वत्र आढळतो. अनुच्छेद २४३ब (इंग्रजी प्रतीत 243W) नीट वाचला तर राज्य विधानमंडळ ही सत्ता कायद्याने ‘देऊ शकेल’ एवढेच म्हटलेले दिसते. प्रत्यक्षात काय दिले आहे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये पाहावे लागते. त्यातील कलम ६३ महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगते आणि कलम ६६ ऐच्छिक. रस्त्यावरील दिवे, मलनिस्सारण आणि पाणीपुरवठा बंधनकारक कर्तव्यांत मोडतात. आपली मागणी कोणत्या कलमाखाली बसते हे अर्ज लिहिण्याआधी ठरले, तर ‘निधी उपलब्ध झाल्यावर विचार करू’ या उत्तराला पुढे काय म्हणायचे हेही ठरते. ऐच्छिक कामाला ते उत्तर देता येते, बंधनकारक कामाला सहजासहजी देता येत नाही.

तिसऱ्या प्रश्नात फार अडकू नये. अनुच्छेद २८२ खाली केंद्र किंवा राज्य कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देऊ शकते, मग तो विषय आपल्या सूचीत नसला तरी चालते, त्यामुळे एखाद्या कामाच्या फलकावर कोणाचे छायाचित्र आहे यावरून जबाबदारी ठरत नाही. पैसा कोठून आला हे माहिती अधिकारात विचारण्यापुरते उपयोगी असते. काम न झाल्याचा जाब मात्र अंमल करणाऱ्याला विचारावा.

पाण्याचे उदाहरण

ही रीत मुरवण्यासाठी पाण्याइतके चांगले उदाहरण पुण्यात दुसरे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यापासून या शहराचे आणि धरणांचे नाते सगळ्यांना ठाऊक आहे, पण नळाला पाणी न येण्याला जबाबदार कोण, हा प्रश्न विचारला तर दहा जण दहा उत्तरे देतात.

पाणी, पाणीपुरवठा, कालवे आणि जलसाठा हे विषय राज्य सूचीतील नोंद १७ मध्ये आहेत आणि ती नोंद संघ सूचीतील नोंद ५६ च्या, म्हणजे आंतरराज्य नद्यांच्या नियमनाच्या, अधीन आहे. मुठा मुळेला, ती भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. कृष्णा पुढे कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशात जाते. त्यामुळे खडकवासल्याच्या वर किती पाणी अडवता येईल याची कमाल मर्यादा अखेर कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्याशी बांधलेली आहे. हा लवाद १९६९ मध्ये, संसदेच्या १९५६ च्या कायद्याखाली स्थापन झाला. अशा तंट्यात न्यायालयांची अधिकारिता वगळण्याची मुभा अनुच्छेद २६२ संसदेला देतो आणि संसदेने ती वापरलेली आहे. नागरिकाला या थरावर दार नाही, हे एकदा मान्य करून खाली यावे.

दुसरा थर राज्याचा आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट आहे आणि ती धरणे राज्याच्या जलसंपदा विभागाची आहेत, महापालिकेची नाहीत. शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या कालव्याला किती, हा वाद कालवा सल्लागार समितीत दर वर्षी रंगतो. त्याच्या वर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे आणि ते राज्याच्या २००५ च्या कायद्याने निर्माण झाले. कोट्याविषयीचे म्हणणे या दोन ठिकाणी पोचले पाहिजे. तिथे बोलताना पलीकडे बसलेला दौंडचा शेतकरीही अनुच्छेद २१ मधील, म्हणजे जगण्याच्या हक्कातील, उपजीविकेचाच दाखला देणार आहे, हे शहरी अर्जदाराने विसरू नये.

तिसरा थर महापालिकेचा. धरणातून उचललेले पाणी शुद्ध करून तुमच्या सोसायटीच्या टाकीपर्यंत आणणे, गळती थांबवणे आणि एका पेठेला दोन वेळा आणि दुसऱ्या उपनगराला दिवसाआड असे का, याचे उत्तर देणे हे तिचे काम आहे. समन्यायी वाटपाचा आग्रह इथे अनुच्छेद १४ च्या, म्हणजे समानतेच्या हक्काच्या, आधारे धरता येतो. शेजारच्या प्रभागापेक्षा तुम्हाला कमी पाणी मिळत असेल तर दोन्ही प्रभागांच्या पुरवठ्याच्या वेळा आधी माहिती अधिकारात मागून घ्याव्यात, कारण विषमता आकड्यांनी दाखवली नाही तर अनुच्छेद १४ चा उल्लेख नुसता शोभेचा राहतो.

आता हेच पाणी वापरून झाल्यावर मुठेत सोडले जाते तेव्हा अधिकारांचे चित्र बदलते आणि घटनेतील एक कमी वापरली जाणारी वाट पुढे येते. पाणी राज्याचा विषय असताना जलप्रदूषणाचा १९७४ चा कायदा संसदेने कसा केला? अनुच्छेद २५२ प्रमाणे काही राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव करून संसदेला तशी विनंती केली म्हणून. वायुप्रदूषणाचा १९८१ चा कायदा मात्र अनुच्छेद २५३ खाली, १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी आला. दोन्ही कायदे केंद्राचे, पण रोजचा अंमल राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. मंडळाने दुर्लक्ष केले तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम क्षेत्राचे पीठ पुण्यातच आहे. त्याच्या मूळ कायद्याच्या प्रस्तावनेतच निरोगी पर्यावरणाचा हक्क अनुच्छेद २१ चा भाग मानला गेल्याचे नमूद आहे. तिथे कलम १४ खालील अर्जाला वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. पुरेसे कारण दाखवले तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. नदीकाठच्या पुष्कळ चांगल्या तक्रारी केवळ ही मुदत उलटल्यामुळे वाया जातात, म्हणून सांडपाणी दिसल्याच्या पहिल्या दिवसाचे तारखेसह छायाचित्र जपून ठेवावे.

एकाच प्रश्नावर दोन कायदे आले तर

समवर्ती विषयात केंद्राचा आणि राज्याचा कायदा परस्परविरोधी असेल तर अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा टिकतो. राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची अनुमती मिळालेली असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो, पण संसद तोही पुढे बदलू शकते. हा नियम वकिलांपुरता नाही. शाळाप्रवेशाच्या हंगामात तो पालकांच्या घरापर्यंत येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आपल्या नियमांत बदल करून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना त्या जबाबदारीतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला, कारण मूळ कायद्याने जे दिले ते त्याखालच्या नियमाने काढून घेता येत नाही आणि शिक्षणाचा हक्क देणारा अनुच्छेद २१क समोर असताना तर नाहीच. तेव्हा ‘नवा जीआर आला आहे’ एवढे ऐकून परत फिरू नये. जीआर शासन निर्णय असतो, कायदा नसतो. तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढला आहे, हे त्याच्या संदर्भ भागात पाहावे.

पथारीवाल्यांचा २०१४ चा कायदाही असाच तीन थरांतून खाली येतो. संसदेने कायदा केला, नियम राज्य सरकारने करायचे, सर्वेक्षण आणि प्रमाणपत्राचे काम नगर पथविक्रेता समितीने करायचे आणि जागा ठरवण्याचे काम महापालिकेने त्या समितीच्या सल्ल्याने करायचे. त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. फेरीचा व्यवसाय अनुच्छेद १९(१)(छ) खाली, म्हणजे व्यवसाय करण्याच्या हक्कात, येतो, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटलेले आहे. पण एक बारकावा लक्षात ठेवावा. हा कायदा रेल्वेच्या मालकीच्या आणि ताब्यातील जागेला लागू नाही. पुणे स्टेशनबाहेर पदपथावर उभ्या असलेल्या विक्रेत्याला त्याचे संरक्षण आहे आणि त्याच्यापासून चार पावलांवर, रेल्वेच्या आवारात उभ्या असलेल्याला नाही. अशा वेळी शहर भूमापनाचा नकाशा घटनेच्या पुस्तकाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

स्टेशनवरच आणखी एक गंमत आहे. फलाटावर चोरी झाली तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे होते आणि ते राज्याचे असतात, कारण राज्य सूचीतील नोंद २ मध्ये पोलीस या शब्दात रेल्वे पोलीस समाविष्ट आहेत. रेल्वेच्या मालमत्तेचे रक्षण करणारे रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे आहे. गणवेश सारखे दिसतात, म्हणून खांद्यावरची अक्षरे वाचावीत. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवण्याची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे.

हक्काचा उल्लेख कसा करावा

दार सापडले की मग हक्क. इथे दिलासा देणारी गोष्ट अशी की सत्ता कितीही वाटलेली असली तरी मूलभूत हक्क वाटलेले नाहीत. अनुच्छेद १२ मध्ये ‘राज्य’ या शब्दात केंद्र सरकार व संसद, राज्य सरकारे व विधानमंडळे आणि सर्व स्थानिक प्राधिकारी येतात. शासनाच्या खोल नियंत्रणाखालील कंपन्या आणि संस्थाही त्यात मोडू शकतात, असे न्यायालयांनी ठरवलेले आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार प्रशासकाने पाहिला. नगरसेवक नव्हते म्हणून त्या काळात महापालिकेवरील एकही घटनात्मक बंधन कमी झाले नव्हते, पण हे सांगायला अनेकदा कोणी जातच नव्हते, हीही वस्तुस्थिती आहे.

अर्जात अनुच्छेदांची रांग लावण्याचा मोह टाळावा. एक हक्क आणि त्याला जोडलेले एक वैधानिक कर्तव्य एवढेच पुरे. पदपथावर राहणाऱ्यांच्या प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका जगण्याच्या हक्कात आणली आणि १९९१ मध्ये प्रदूषणमुक्त पाणी व हवाही त्यात आली. रतलाम नगरपालिकेच्या १९८० च्या निकालाने पैसे नाहीत ही सबब गटारे बांधण्याचे कायदेशीर कर्तव्य टाळायला चालत नाही, असे सांगितले. तो निकाल सार्वजनिक उपद्रवाच्या ज्या तरतुदीखाली आला, ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे आणि तिचा वापर अजूनही फार कमी लोक करतात. मार्गदर्शक तत्त्वांचा आधार पूरक म्हणून घ्यावा. अनुच्छेद ३७ प्रमाणे ती न्यायालयामार्फत थेट अमलात आणता येत नाहीत.

अर्ज मराठीत लिहावा, केंद्राच्या कार्यालयालाही. अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघाच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. मजकूर साधारण असा असावा: ‘अमुक रस्त्यावरील अमुक क्रमांकाच्या खांबापासून अमुक खांबापर्यंतचे नऊ पथदिवे अमुक तारखेपासून बंद आहेत. हा रस्ता आपल्या हद्दीत असल्याचे सोबतच्या नकाशावरून दिसते. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये आपले बंधनकारक कर्तव्य आहे. ते पार न पडल्यामुळे रहिवाशांच्या अनुच्छेद २१ खालील सुरक्षित जीवनाच्या हक्काला बाधा येते. पंधरा दिवसांत दुरुस्ती करावी, अथवा हे काम आपले नसल्यास ते कोणाचे आहे हे लेखी कळवावे.’ शेवटचे अर्धे वाक्य कधीही गाळू नये. माझ्या परत आलेल्या पत्रात ते नव्हते.

माहिती अधिकाराचा अर्ज

अखत्यार कळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ हाताशी असतो आणि तिथेही संघराज्याची रेघ पाळावी लागते. महापालिका, पोलीस किंवा जिल्हाधिकारी कार्यालय यांच्याकडे अर्ज करताना महाराष्ट्राचे नियम लागतात. त्यानुसार शुल्क १० रुपये असून ते कोर्ट फी स्टॅम्पने भरता येते, अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांत असावा लागतो. कॅन्टोन्मेंट बोर्ड, रेल्वे किंवा टपाल कार्यालयाकडे केंद्राचे नियम लागतात. तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडावी आणि मर्यादा ५०० शब्दांची आहे. कॅन्टोन्मेंटच्या अर्जाला राज्याचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून पाठवणे ही पुण्यात सर्रास होणारी चूक आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेलाच तर कलम ६(३) प्रमाणे त्याच कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी हस्तांतरित करायचा असतो. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिल्या अपिलाला ३० दिवस आणि दुसऱ्या अपिलाला ९० दिवस. दुसरे अपील राज्याच्या कार्यालयाबाबत राज्य माहिती आयोगाकडे, ज्याचे खंडपीठ पुण्यात आहे, आणि केंद्राच्या कार्यालयाबाबत दिल्लीतील केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते.

पायऱ्या चढताना

दाखला, परवाना, नळजोड अशी ठरावीक सेवा हवी असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आधी पाहावा. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते, विभागात दोन अपिले होतात आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे. राज्याच्या इतर तक्रारींसाठी ‘आपले सरकार’ पोर्टल आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे. केंद्राच्या कार्यालयांसाठी केंद्राचे स्वतंत्र तक्रार पोर्टल आहे. एकाच तक्रारीच्या चार प्रती चारही ठिकाणी टाकू नयेत. प्रत्येक जण दुसऱ्याकडे ‘प्रकरण प्रलंबित आहे’ असे दाखवतो आणि फाइल थिजते.

एवढे करूनही काही हालले नाही तर न्यायालय. मूलभूत हक्कासाठी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत या तरतुदीला घटनेचा आत्मा म्हटले होते, तरी सामान्य प्रकरणात अनुच्छेद २२६ ची वाट अधिक रुंद आहे, कारण उच्च न्यायालय मूलभूत हक्कांखेरीज ‘अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ही आदेश देऊ शकते. वादाचे कारण अंशतः जरी महाराष्ट्रात घडले असेल तरी दिल्लीतील मंत्रालयाविरुद्धही मुंबई उच्च न्यायालयात दाद मागता येते. पुण्याची प्रकरणे मुंबईच्या मुख्य पीठाकडेच जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सुरू झालेल्या सर्किट बेंचकडे सातारा आणि सोलापूर गेले, पुणे गेले नाही. कर्तव्य पार पाडण्याचा आदेश, म्हणजे परमादेश, मागताना न्यायालय साधारणपणे दोन गोष्टी पाहते: तुम्ही त्या प्राधिकाऱ्याकडे आधी लेखी मागणी केली होती का, आणि दुसरा परिणामकारक उपाय उपलब्ध होता का. रिट याचिकेऐवजी सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, इतरांना उत्पन्नमर्यादेत बसल्यास.

तिथे जाताना सोबत न्यायची फाइल तारखेच्या क्रमाने लावावी. वर हद्द दाखवणारा नकाशा, त्याखाली आवक शिक्का मारलेली अर्जाची प्रत, मग माहिती अधिकारातील उत्तर किंवा उत्तर न आल्याचा पुरावा म्हणून टपालाची पोच आणि शेवटी छायाचित्रे. आवक शिक्का द्यायला खिडकीवर नकार मिळाला तर वाद घालत बसू नये. स्पीड पोस्टने तोच अर्ज पाठवावा आणि पोचल्याचा उतारा दुसऱ्याच दिवशी काढून ठेवावा, कारण काही काळाने तो संकेतस्थळावर दिसेनासा होतो.